बेस गिटार, रील आणि फेकून दिलेला डेटा



पेटची तयारी करणारे बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, लिंक बनवून इन्स्टावर आणि व्हॉट्सॲपवर फिरवली, त्यातून डेटा घेतला तर चालतो का?" याचं उत्तर मी आधी एका वाक्यात द्यायचे, "चालतं, पण मर्यादा लिहायची." आता तसं देत नाही. कारण मी स्वतः ते केलं, भरपूर प्रतिसाद मिळवले आणि पूर्वचाचणीचा सगळा डेटा बाजूला ठेवावा लागला. साधारण एक सेमिस्टर गेलं. आराखडा मंजूर होऊन हातात दिवस मोजके असताना सेमिस्टर जाणं म्हणजे काय, हे जे या रांगेत उभे आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

या गोष्टीत एक बेस गिटार पण आहे. ती आधी सांगते, कारण चूक तिथूनच सुरू झाली होती. फक्त तेव्हा ती मला दिसली नाही.

माझा विषय थोडक्यात असा. आपल्यापैकी पुष्कळ लोक गाणी फोनच्या स्पीकरवर ऐकतात. भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडली की डब्यात कोणीतरी हमखास हेडफोनशिवाय गाणं लावलेलं असतं. अशा छोट्या स्पीकरवर गाण्यातली बेसची ओळ बदलली तर ऐकणाऱ्याला ती कळते का? हे तपासायला दोन-दोन तुकडे ऐकवायचे. कधी दोन्ही सारखे, कधी एकात बेस बदललेला. ऐकणाऱ्याने "सारखे" किंवा "वेगळे" एवढंच सांगायचं. सिनेमातली गाणी घेतली तर हक्कांचा प्रश्न, शिवाय ओळखीचं गाणं असेल तर माणूस कानाने कमी आणि आठवणीने जास्त उत्तर देतो. म्हणून तुकडे स्वतः वाजवून रेकॉर्ड करायचे ठरवलं. त्यासाठी बेस गिटार हवी होती.

गिटार घेताना

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बेस गिटारला बहुधा चार तारा असतात, साध्या गिटारच्या खालच्या चार तारांसारख्याच, पण एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार ४१.२ हर्ट्झला लागते, मग ५५, मग ७३.४, आणि सगळ्यात बारीक ९८. लिओ फेंडरने १९५१ मध्ये जी बेस बाजारात आणली तिला 'प्रिसिजन' नाव दिलं, कारण मानेवर पडदे असल्याने स्वर नेमका लागायचा. त्याआधी बेस वाजवणारा माणूस म्हणजे स्वतःच्या उंचीचं, बिनपडद्याचं डबल बेस घेऊन फिरणारा. फेंडरने तारेची लांबी ३४ इंच ठेवली आणि आजही बहुतेक बेस तेवढ्याच असतात. ३० इंचांच्या आखूड बेसही मिळतात. पॉल मॅकार्टनीची व्हायोलिनसारखी दिसणारी हॉफनर तसली. माझे हात लहान आहेत, त्यामुळे हा मुद्दा मला खरोखर महत्त्वाचा होता. ३४ इंची बेसवर पहिल्या चार पडद्यांवर चार बोटं पसरताना मनगट दुखतं.

बजेट पंधरा हजारांचं. आता सांगा, अशा वेळी आपण काय करतो? फोन काढतो. तेच मी केलं. रात्री पलंगावर पडून, फोनच्याच स्पीकरवर, बेसचे रिव्ह्यू बघितले. जिला सगळ्यात जास्त व्ह्यूज तिचा आवाज मला सगळ्यात "भरदार" वाटला. माझा विषयच फोनवर बेस नीट ऐकू येत नाही हा! आणि मी फोनवर बेसचा आवाज पारखत होते. हसू नका, संशोधन करणाऱ्याचं डोकं घरी वेगळं चालतं.

व्ह्यूज बघून आवडतं, याबद्दल एक प्रसिद्ध प्रयोग आहे. तो तुम्ही संदर्भासाठी लक्षात ठेवा, मुलाखतीतही उपयोगी पडेल. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो छापला. त्यांनी एक वेबसाइट बनवली, त्यावर अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली. १४,३४१ लोक आले. काहींना फक्त गाण्यांची यादी दिसली. बाकीच्यांना ८ वेगवेगळ्या 'जगांत' वाटलं, आणि प्रत्येकाला आपल्या जगात कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड झालंय ते दिसत होतं. गाणी तीच, सुरुवात सगळीकडे शून्यापासून. आकडे दिसू लागल्यावर लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, आणि वर येणारं गाणं प्रत्येक जगात एकच असेल असंही नव्हतं. अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं. म्हणजे माझी "भरदार" बेस दुसऱ्या एखाद्या जगात पाचव्या पानावर पडलेली असती.

या प्रयोगातली एक बारीक गोष्ट पुढे लागणार आहे. त्यांचे बहुतेक सहभागी किशोरवयीनांच्या आवडीच्या एका वेबसाइटवरून आले होते. लेखकांनी ते लपवलं नाही, उघड सांगितलं.

तर मग मी दुकानात गेले. मुंबईत वाद्य घ्यायचं म्हटलं की धोबीतलाव डोळ्यांसमोर येतं. तिथलं फुर्टाडोज १८६५ पासूनचं. मी दोन-तीन ठिकाणी फिरले. एका दुकानात (नाव सांगत नाही) दोन बेस वाजवून दाखवल्या. महागडी खरंच छान वाटली. घरी येऊन वहीत लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की महागडीला नव्या तारा होत्या, ती मोठ्या ॲम्पला जोडली होती आणि आवाजही थोडा वर होता. स्वस्त बेसच्या तारा काळपट, ॲम्प टिचभर. नव्या तारा खणखणीत वाजतात, जुन्या मंद. आणि दोन आवाजांत जो जरासा मोठा असतो तो माणसाला चांगला वाटतो, हे ध्वनीच्या कामात सगळ्यांना ठाऊक आहे. मग मला जे आवडलं ते लाकूड, तारा, ॲम्प की नुसतं व्हॉल्यूम? सांगता येत नाही. पद्धतीशास्त्राच्या पेपरात 'गोंधळ घालणारे चल' म्हणून जे पाठ करतो ते हेच. किंमत बदलली की त्याच्यासोबत आणखी तीन गोष्टी बदलत होत्या.

वाद्यांच्या बाबतीत हा गोंधळ काढायचे चांगले प्रयत्न झालेत. २०१० मध्ये इंडियानापोलिसला क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २१ व्हायोलिनवादकांना वेल्डरचे काळे गॉगल घालून ६ व्हायोलिन वाजवायला दिली. ३ नवीन, ३ जुनी इटालियन, त्यात स्ट्रॅडिव्हरी पण. घरी न्यायचं झालं तर कोणतं न्याल, असं विचारल्यावर बहुतेकांनी नवीन निवडलं. २०१८ मध्ये लँकेस्टर विद्यापीठाशी संबंधित गटाने ५२ गिटारवादकांना घेऊन असंच केलं. ६ ॲकॉस्टिक गिटार, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं, बाकी शक्य तितकं सारखं. अंधुक उजेड आणि पुन्हा तेच गॉगल. महागडं ब्राझिलियन रोझवूड स्वस्त लाकडापुढे काही खास पुढे गेलं नाही.

मी वेल्डरचा गॉगल आणला नाही. शेवटी उत्तनच्या एका अंकलकडे जुनी आखूड बेस असल्याचं कळलं. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर बस पकडून उत्तनला जाता येतं, वाटेत मिठागरं लागतात. तिकडे लग्नांत बँड वाजवणारी बरीच घरं आहेत. अंकलना मी फोनवर म्हटलं, "अंकल, रेकॉर्डिंग पाठवाल का?" ते म्हणाले, "फोनवर काय ऐकशील? घरी ये, ॲम्पला लावून दाखवतो." मी मैत्रिणीची बेसही सोबत नेली. दोन्हींना एकसारख्या नव्या तारा (त्याचा खर्च माझा), एकच ॲम्प, आवाज फोनच्या मीटरने सारखा केला. मी पाठ फिरवून बसले. मैत्रीण नाणं उडवून ठरवणार, एकच ओळ वाजवणार, मी ओळखणार. ८ वेळा केलं. ५ बरोबर आले.

अंकल खूश झाले. "बघ, फरक कळतो!" थांबा. नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तरी ८ पैकी ५ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ३६ टक्के असते. (२५६ शक्यतांपैकी ९३. वहीत करून बघा, द्विपद वितरणाचं सगळ्यात सोपं उदाहरण आहे.) ७ किंवा ८ बरोबर आले असते तर गोष्ट वेगळी, ती शक्यता साडेतीन टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे माझ्या कानाला दोन्हींत फरक कळतो असं मी म्हणू शकत नाही. फरक नाही असंही म्हणू शकत नाही, ८ प्रयत्न फारच कमी. एवढं मात्र ठरलं की आवाजासाठी जास्त पैसे मोजायचं कारण माझ्याकडे नाही. मग बघण्यासारख्या गोष्टी उरल्या: मान सरळ आहे का, बाराव्या पडद्यावर आणि मोकळ्या तारेवर स्वर जुळतो का, कुठे पडदा घासून खरखरतो का, बटण फिरवल्यावर चरचर होते का. चरचर होत होती. दुरुस्तीचे पैसे वजा करून सौदा झाला.

४१ हर्ट्झ जातात कुठे?

इथे जरा रेंगाळते, कारण पुढची चूक कळायला हे लागतं आणि विषयही मजेशीर आहे.

४१.२ हर्ट्झच्या स्वराची हवेतली लांबी ८ मीटरहून जास्त असते. आमच्या वन बीएचकेचा हॉल तेवढा लांब नाही. फोनमधला स्पीकर नखाएवढा. एवढ्याशा पडद्याने त्या स्वराला लागेल इतकी हवा ढकलणं अशक्यच, काही शे हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज झपाट्याने पडतो. म्हणजे बेसच्या चारही मोकळ्या तारांचा मूळ स्वर फोनवर जवळजवळ नसतो.

तरीही फोनवर गाणं ऐकताना बेसची चाल बऱ्याचदा कळते. कशी? कारण तार एकाच वारंवारतेने हलत नाही. ४१.२ सोबत ८२.४, १२३.६, १६४.८, २०६, २४७.२ असे त्याच्या पटीतले स्वर निघतात. फोन खालचे गाळतो, वरचे देतो. वरच्या स्वरांमधलं अंतर मात्र ४१.२ च राहतं आणि मेंदू त्यावरून न वाजलेला खालचा स्वर ओळखतो. याला गहाळ मूलस्वर म्हणू. ऑगस्ट सीबेकने १८४० च्या दशकात भोकं पाडलेल्या चकतीच्या सायरनवर हे दाखवलं आणि त्यावरून ओहमशी (हो, विजेचा नियम सांगणाराच) त्याचा वाद झाला. जुन्या लँडलाइनवरही हेच चालायचं. ती तार साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच न्यायची. बाबांच्या आवाजाचा मूळ स्वर त्याच्या बराच खाली, तरी फोन उचलल्यावर बाबा बाबाच वाटायचे.

म्हणजे "फोनवर बेस ऐकू येतो का" हा प्रश्नच अर्धवट आहे. कंपन म्हणून? मूळ स्वर म्हणून? चाल म्हणून? मी आराखड्यात "बेस ऐकू येणे" एवढंच लिहिलं होतं. मॅडमनी पहिल्याच बैठकीत त्याखाली लाल रेघ मारून "म्हणजे काय?" लिहिलं. संकल्पनेची कार्यात्मक व्याख्या हे प्रकरण आपण गाईडमधून वाचून दोन गुणांसाठी लिहितो. त्याची खरी जागा ही लाल रेघ. आता माझी व्याख्या अशी: दोन तुकड्यांत बेसचा एक स्वर बदललेला असताना तो बदल अंदाजापेक्षा जास्त वेळा ओळखता येणे. कंटाळवाणी आहे, पण मोजता येते.

वेबसाइट फिरवली, आणि फिरली

तुकडे तयार झाले. साधी वेबसाइट बनवली, १२ जोड्या, शेवटी गुण. आता लोक आणायचे होते.

मी एक रील केलं. हातात नवी (जुनी) बेस, मागे खाडीवरचा सूर्यास्त, आणि वर ठळक अक्षरं: "तुमचा फोन तुमच्याशी खोटं बोलतोय! तुम्हाला बेस ऐकूच येत नाही. खोटं वाटतं? टेस्ट द्या." शेवटी गुण शेअर करायचं बटण. एका गिटारवाल्या पेजने ते उचललं, मग मित्रांच्या बँडच्या ग्रुपवर गेलं, तिथून आणखी कुठे कुठे. पहिल्या रात्री मी दर दहा मिनिटांनी आकडा बघत होते. सकाळी मॅडमना स्क्रीनशॉट पाठवला. मॅडमचा रिप्लाय: "अगं, तू प्रयोग केलास की जाहिरात?"

मला राग आला होता, खरं सांगते. आठवडाभराने डेटा उघडला तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. तीन घोळ होते, आणि तिन्ही मी स्वतः घातलेले.

पहिला, कोण आलं? वाद्य वाजवणारे. गिटारच्या पेजवरून दुसरं कोण येणार? हे नुसत्या आकड्यांत समजून घेऊ, हे आकडे काल्पनिक आहेत. समजा भाईंदरमध्ये दर १०० माणसांत १० जण वाद्य वाजवतात. वाजवणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांना बदल कळतो, बाकीच्यांपैकी ३० टक्क्यांना. मग १०० माणसांत कळणारे ८ अधिक २७, म्हणजे ३५. आता माझ्या लिंकवर १०० जण आले, पण त्यात ६० वाजवणारे आणि ४० बाकीचे. कळणारे ४८ अधिक १२, म्हणजे ६०. खरं उत्तर ३५ टक्के, माझं उत्तर ६० टक्के. आणि एकाही माणसाने खोटं उत्तर दिलेलं नाही!

इथे बहुतेक विद्यार्थी म्हणतात, "मग नमुना मोठा घेऊ." घ्या. यादृच्छिक नमुन्यात ४०० माणसांना चूक ५ टक्क्यांच्या आत-बाहेर, १६०० ना अडीच. पण माझ्या लिंकवर १६०० आले तरी त्यात वाजवणारे ६० टक्केच राहणार, उत्तर ६० च येणार. फक्त त्याच्याभोवतीची पट्टी अरुंद होणार. म्हणजे चुकीच्या उत्तराबद्दल मला जास्त खात्री वाटणार. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट'चं १९३६ चं उदाहरण तुम्ही वाचलं असेलच. सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, लँडन जिंकणार म्हणून छापलं आणि रूझवेल्ट प्रचंड मतांनी आले. पुस्तकांत कारण म्हणून टेलिफोन आणि मोटारींच्या याद्या सांगतात. तेवढंच नव्हतं. पत्रिका मिळालेल्यांपैकी कोणी परत पाठवली, हीसुद्धा एक गाळणी होती. माझं रील बघून कोणी लिंक दाबली, हीही तशीच.

दुसरा घोळ मला सगळ्यात जास्त लागला. रीलमध्ये मी माझं गृहीतकच सांगून टाकलं होतं. "तुम्हाला ऐकूच येत नाही" असं डिवचल्यावर माणूस दोन गोष्टी करतो. एक तर जिद्दीने कान लावतो, फोन कानाला चिकटवतो, शांत खोलीत जातो. नाहीतर माझं म्हणणं खरं ठरवायला मदत करतो. मार्टिन ऑर्न या मानसशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये हाच मुद्दा मांडला होता की प्रयोगात आलेला माणूस निष्क्रिय नसतो, प्रयोग कशासाठी आहे याचा तो अंदाज बांधतो आणि त्याप्रमाणे वागतो. मला वाटायचं प्रयोग वेबसाइटच्या पहिल्या पानावर सुरू होतो. तो रीलच्या पहिल्या सेकंदाला सुरू झाला होता. चांगली जाहिरात माणसाच्या मनात आधीच काहीतरी पेरते, तेच तिचं काम. सहभागी बोलावणारा मजकूर तसा नको. तुमच्या आराखड्यात प्रश्नावली परिशिष्टात जोडता ना? बोलावण्याचा मजकूरही जोडा, व्हॉट्सॲपचा मेसेज जसाच्या तसा. नीतिशास्त्र समितीसमोर जाताना तो मागतातच.

तिसरा, ते शेअरचं बटण. ज्यांना १२ पैकी ७ मिळाले त्यांनी पुन्हा दिली, मग पुन्हा, आणि ११ चा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवला. भेटी वाढाव्यात म्हणून घातलेल्या बटणाने टेस्टचा अर्थच बदलला. एखादं माप लक्ष्य बनलं की ते चांगलं माप राहत नाही, या अर्थाचं विधान अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांनी १९७५ मध्ये ते चलनविषयक धोरणाबद्दल मांडलं होतं, आज लोकांच्या तोंडी असलेली शब्दरचना १९९७ मधली, मेरिलिन स्ट्रॅथर्न यांची. माझ्याकडे ते दोनदा झालं. सहभागींसाठी गुण लक्ष्य झाले, माझ्यासाठी भेटींचा आकडा.

एक चौथी गोष्टही होती, पण ती नुसती आळशीपणाची. "हेडफोन लावले आहेत का? हो / नाही" असं मी विचारलं आणि उत्तरावर विश्वास ठेवला. माझा तर सगळा प्रश्नच स्पीकरचा! यावर एक सुंदर उपाय आधीच छापलेला होता, मी वाचला नव्हता. केविन वुड्स, जॉश मॅकडरमॉट आणि सहकारी, २०१७. २०० हर्ट्झचे तीन सूर ऐकवायचे आणि सगळ्यात हळू कोणता ते विचारायचं. एक सूर खरोखर हळू असतो. दुसऱ्या एकात डाव्या आणि उजव्या बाजूची लाट एकमेकींच्या उलट केलेली असते. स्पीकरवर त्या हवेत एकमेकींना खोडतात, म्हणून तो सूर हळू वाटतो आणि माणूस फसतो. हेडफोनमध्ये दोन कान वेगळे, खोडणं होतच नाही, उत्तर बरोबर येतं. ६ पैकी ५ बरोबर असले तर हेडफोन धरायचे. अंदाजाने तेवढं यायची शक्यता २ टक्क्यांहून कमी. मला उलटं हवं होतं, चाचणीत नापास होणारे. एकच स्पीकर असलेल्या फोनवर ही चाल कशी वागते ते मी वेगवेगळे फोन घेऊन तपासतेय, कारण काही फोन दोन्ही बाजू आधीच एकत्र करतात.

फिरलेल्या गोष्टीवर विश्वास किती ठेवायचा

मुंबईचीच एक गोष्ट सांगते, बेसशी अगदी जवळची. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाचं छोटं यंत्र काढलं. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसवाल्याची साथ मिळावी असा हेतू. बेस गिटारसारखं ते अजिबात वाजायचं नाही. खपलं नाही, १९८४ मध्ये बंद झालं आणि जुन्या बाजारात स्वस्तात गेलं. शिकागोच्या पोरांनी ते घेतलं, बटणं पिळली आणि १९८७ च्या 'ॲसिड ट्रॅक्स'पासून ॲसिड हाउस नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार ओळखला जाऊ लागला.

पण चरणजित सिंग नावाचे मुंबईचे वादक, जे हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवायचे, त्यांनी १९८२ मध्येच ३०३ आणि ८०८ घेऊन दहा रागांची डिस्को तालावरची एक तबकडी केली होती. ती कोणी फारशी विचारली नाही. एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये ती भारतात सापडली, २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली, आणि मग इंटरनेटवर धुमाकूळ. "ॲसिड हाउसचा जनक मुंबईचा!" काहींना तर हे एखाद्या युरोपीय संगीतकाराने केलेलं ढोंग वाटलं. सिंग जुलै २०१५ मध्ये मुंबईत वारले, त्याआधी शेवटच्या वर्षांत परदेशात जाऊन त्यांनी हे संगीत वाजवलंही.

हा फिरणारा मथळा संशोधकाने कसा वाचायचा? त्यात दोन वेगळे दावे चिकटवलेत. "१९८७ च्या आधीचं आहे" हा तारखेचा दावा. तो तबकडी, तिचं लेबल, यंत्र कधी बाजारात आलं, स्वतः वादकाची मुलाखत, यांनी तपासता येतो आणि टिकतो. "जनक" हा प्रभावाचा दावा. त्यासाठी ती तबकडी शिकागोत कोणीतरी ऐकली असा धागा दाखवावा लागेल. तो धागा कोणी दाखवलेला नाही. मग साम्य कुठून आलं? यंत्र एकच. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, सिंग यांना ती मींडेसाठी उपयोगी पडली, शिकागोवाल्यांना वेगळ्याच नशेसाठी. दोन गोष्टी सारख्या दिसल्या तर एकीने दुसरी घडवली असं नाही, दोघींचं कारण तिसरंच असू शकतं. मला विचाराल तर त्यामुळे सिंग यांचं काम लहान होत नाही, उलट जास्त नवलाचं वाटतं. पण शीर्षक म्हणून ते फिरणार नाही.

आता माझ्या दुसऱ्या फेरीबद्दल. रील काढून टाकलं. नवा मजकूर असा: "संगीत ऐकण्याबद्दल अभ्यास. वेळ ८ मिनिटं. संगीताचं ज्ञान लागत नाही. गुण दाखवले जाणार नाहीत." कंटाळवाणा आहे, माहितेय. प्रत्येक ठिकाणी वेगळी लिंक, शेवटी छोटी खूण, म्हणजे माणूस कुठून आला ते कळतं आणि वाद्यवाल्यांचा गट वेगळा काढता येतो. तरी सोशल मीडिया सोडलेला नाही. तिथून आलेल्यांची स्पीकरवाले आणि हेडफोनवाले अशी आपसांत तुलना करायला हरकत नाही. फक्त त्यांच्यावरून अख्ख्या शहराबद्दल बोलायचं नाही.

शहराबद्दल बोलायचं असेल तर वेगळा रस्ता. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ होती, मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, उत्तनकडे ईस्ट इंडियन, सगळी सरमिसळ. माझ्या एकटीच्याने सगळीकडे होणार नाही, म्हणून समष्टीच लहान केली: भाईंदर पश्चिमेचा एक ठरावीक भाग. तिथल्या सोसायट्यांची यादी मी पायी फिरून बनवली, त्यातून चिठ्ठ्या काढून सोसायट्या निवडल्या, सेक्रेटरींना विद्यापीठाचं पत्र दाखवून क्यूआर कोडचा कागद लिफ्टजवळ लावते, आणि संध्याकाळी स्वतः दारं वाजवते. संमतीपत्र मराठी, हिंदी आणि गुजरातीत आहे. काही सेक्रेटरी "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही" म्हणून परत पाठवतात. त्या सोसायट्याही वहीत लिहिते, नकार म्हणून, त्यांच्या जागी शेजारची सोपी सोसायटी घेत नाही. एका आजींनी दोन तुकडे ऐकून विचारलं, "यात तंबोऱ्यासारखं खाली काय गं वाजतंय?" बटाट्याएवढ्या जुन्या फोनवर त्यांना खर्ज कळला होता. वहीत शेरा म्हणून लिहिलं, डेटात मात्र त्यांनी दाबलेलं "वेगळे" एवढंच गेलं.

परवापर्यंत चिठ्ठीत आलेल्या सोसायट्यांपैकी निम्म्याही झालेल्या नाहीत. रविवारी पुन्हा जायचंय, साठ फुटी रोडच्या बाजूला. कोणाला अनुभव म्हणून सोबत यायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा, फक्त दारावर कोणालाही "बेस" हा शब्द बोलायचा नाही.